दिवाळखोरी प्रक्रियेला अपिलातील स्थगिती

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये कर्जबाजारी कंपनीविरुद्ध तिच्या थकीत देण्यांवर तोडगा काढण्यासाठी सुरू झालेली निराकरण प्रक्रिया, त्या प्रक्रियेविरुद्धच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत पूर्णतः वा अंशतः थांबवणाऱ्या अंतरिम आदेशाला अपिलातील स्थगिती म्हणतात. संहितेच्या कलम १४ मधील अधिस्थगनाशी, म्हणजे मोरॅटोरियमशी, तिची गल्लत होऊ नये. अधिस्थगन धनकोंचे न्यायालयीन खटले आणि वसुली रोखते व ते प्रक्रियेचाच भाग असते. स्थगिती त्या प्रक्रियेलाच रोखते.

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध कलम ६१ नुसार ३० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते आणि पुरेसे कारण असल्यास आणखी १५ दिवस मिळू शकतात. पुढे कायद्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. केवळ अपील दाखल केल्याने प्रक्रिया थांबत नाही, स्थगिती स्वतंत्रपणे मागून मिळवावी लागते. अपील कोण करणार हा प्रश्नही आरंभीच निर्माण झाला. निराकरण प्रक्रियेसाठी धनकोने केलेला अर्ज दाखल करून घेतला गेला की संचालक मंडळ निलंबित होते व कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या हंगामी निराकरण व्यावसायिकाच्या हाती जातो. त्यामुळे माजी संचालकांना कंपनीच्या नावाने अपील चालवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीजच्या प्रकरणात २०१७ मध्ये ठरवले. तेव्हापासून निलंबित संचालक किंवा भागधारक स्वतःच्या नावाने अपील करतात.

स्थगितीचे खरे मोल वेळेत आहे. या व्यावसायिकाच्या नियुक्तीनंतर ३ दिवसांत जाहीर सूचना निघते, १४ दिवसांत दावे मागवले जातात आणि त्यांची छाननी होऊन धनकोंची समिती स्थापन होते. समिती स्थापन झाल्यावर तडजोड करून अर्ज मागे घ्यायचा, तर कलम १२अ प्रमाणे ९० टक्के मतांची संमती लागते. त्याआधी मात्र न्यायाधिकरण आपल्या अंगभूत अधिकारात तशी परवानगी देऊ शकते, असे स्विस रिबन्स खटल्यात २०१९ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून पुष्कळदा सबंध प्रक्रिया न थांबवता ‘समिती स्थापन करू नये’ एवढाच आदेश दिला जातो आणि व्यावसायिक कंपनी चालू ठेवतो. मुंबईच्या झी एंटरटेनमेंटविरुद्धचा इंडसइंड बँकेचा अर्ज २२ फेब्रुवारी २०२३ रोजी दाखल करून घेतला गेला आणि दोनच दिवसांत अपील न्यायाधिकरणाने त्या आदेशाला स्थगिती दिली. इतकी घाई का करावी लागते, हे वरील दिवसांच्या हिशेबावरून कळते.

स्थगिती म्हणजे आदेश रद्द होणे नव्हे. स्थगित आदेश अस्तित्वात राहतो, फक्त स्थगितीच्या तारखेपासून त्याचा अंमल थांबतो, हा श्री चामुंडी मोपेड्स खटल्यातील १९९२ चा सिद्धांत आजही आधारभूत आहे. स्थगिती उलट दिशेनेही काम करते. बायजूजविरुद्धची प्रक्रिया अपील न्यायाधिकरणाने २ ऑगस्ट २०२४ रोजी तडजोड मान्य करून संपवली होती; १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली आणि प्रक्रिया पुन्हा जिवंत झाली.

याहून अवघड प्रसंग म्हणजे दुसऱ्याच वादातील अपिलासाठी प्रक्रिया थांबवण्याची मागणी. नागपूरजवळच्या बुटीबोरी येथील ६०० मेगावॅट वीजप्रकल्पाच्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर या कंपनीला विद्युत अपील न्यायाधिकरणाच्या निर्णयानुसार सुमारे १,७३० कोटी रुपये येणे होते, पण राज्य वीज नियामक आयोगाचे त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून होते. त्याचा निकाल लागेपर्यंत अॅक्सिस बँकेच्या अर्जावरील कामकाज थांबवावे, ही कंपनीची विनंती कंपनी कायदा न्यायाधिकरण व त्याचे अपील न्यायाधिकरण या दोघांनीही फेटाळली. १२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले: वित्तीय धनकोचा, म्हणजे बँकेसारख्या कर्ज देणाऱ्याचा, अर्ज दाखल करून घेणे न्यायाधिकरणाच्या विवेकाधीन आहे व अशी येणी विचारात घेतली पाहिजेत. ही भूमिका न्याय्य वाटते, कारण ज्याचे स्वतःचे पैसे अडकून पडले आहेत त्याला नादार ठरवण्याआधी ती रक्कम पाहणे अगदीच रास्त आहे. मात्र प्रत्येक थकबाकीदार असे एखादे येणे पुढे करील, ही धनकोंची भीतीही निराधार नव्हती. २०२३ मध्ये न्यायालयाने हा निर्णय त्या प्रकरणातील वस्तुस्थितीपुरताच असल्याचे सांगितले. पुढे ही कंपनी २०२४ मध्ये निराकरण प्रक्रियेत गेलीच आणि २०२५ मध्ये अदानी पॉवरने ती घेतली.