गोव्यात बर्फ पडत नाही, मग बाइकमध्ये अँटिफ्रीझ कशाला?

परवा डिचोलीत शेजारचा पोरगा बाइकच्या कूलंटच्या रिझर्व टाकीत सरळ पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतत होता. मी म्हटलं अरे कूलंट घाल की, इंजिन थंड ठेवायचं द्रव असतं ते, तर म्हणतो, "काका, डब्यावर अँटिफ्रीझ लिहिलंय, आपल्याकडे कधी बर्फ पडलाय?" प्रश्न तसा बरोबर आहे, पण उत्तरासाठी शंभर वर्षं मागे आणि बऱ्याच थंडीत जावं लागतं.

पाण्याने थंड होणारी बाइक ही कालपरवाची गोष्ट नाहीच. यॉर्कशरमधल्या आल्फ्रेड अँगस स्कॉटने १९०८ साली जी टू-स्ट्रोक बाइक काढली तिचं हेड पाण्याने थंड व्हायचं, सिलिंडरला पाणी नंतर मिळालं. पंप नाहीच. आपल्या तांब्याच्या बंबात थंड पाणी ओतलं की ते तळाला जातं आणि वरच्या नळातून कढत पाणी येतं ना, तोच खेळ, इंजिनात तापलेलं पाणी आपोआप वर रेडिएटरमध्ये, म्हणजे हवेने पाणी निववणाऱ्या जाळीत, आणि निवलेलं परत खाली. १९१२ आणि १९१३ला स्कॉटने आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही बाइकची शर्यत मारली.

पण तिकडच्या हिवाळ्यात पाणी गोठलं की फुगतं आणि धातूला तडा जातो, म्हणून गाडीवाले रात्री पाणी काढून ठेवायचे नाहीतर त्यात अल्कोहोल घालायचे, जे इंजिन तापलं की उडून जायचं. इथे कामाला आलं इथिलीन ग्लायकॉल. वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच केमिस्टने ते १८५०च्या दशकात बनवलं होतं, गाडीत घालायला डब्यातून विकायला लागले ते थेट १९२७च्या सुमारास, प्रेस्टोन नावाने. अँटिफ्रीझ हा शब्द डब्यावर चिकटला तो असा. खरं तर ग्लायकॉल उकळतं १९७ अंशांवर, म्हणून विमानवाल्यांनाही ते आवडलं, रेडिएटर लहान करता आला. रोल्स-रॉइसची मर्लिन ही विमानाची इंजिनं आधी नुसत्या ग्लायकॉलवर चालायची, पण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही आणि पेटतंही, मग ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल आणि वरून प्रेशर असं ठरलं. त्यामुळे "पाणी न घालता नुसतं काँसन्ट्रेट ओतलं की जास्त थंड" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

बाइकमध्ये मात्र हवेने थंड होणारी इंजिनंच राज्य करत राहिली, स्वस्त आणि भानगड कमी. मधे व्हेलोसेटची पाण्यावरची एलई आली, इतकी शांत की ब्रिटिश पोलीस गस्तीला वापरायचे. मग १९७१ची सुझुकी जीटी ७५०, तीही पाण्यावरची, म्हणून अमेरिकेत लोक तिला चक्क पाण्यातली म्हैस म्हणायचे. १९७५च्या मॉडेलची होंडा गोल्डविंग आली आणि मोठ्या फोर-स्ट्रोकलाही रेडिएटर लागला.

आपल्याकडे हे सगळं फार उशिरा. गोव्यातल्या मेस्त्रींचे हात घडले आरएक्स १००, स्प्लेंडर आणि बुलेटवर, पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या, पिवळ्या मडगार्डच्या गाड्यांवर. ऑइल बदल, चेन ताण, प्लग घास, झालं. २००८ला यामाहा आर१५ आली, २०१२ला ड्यूक २००, २०१८ला जावा परत आली तीही पाण्यावर, पण सिलिंडरला जुन्यासारख्या फिन, म्हणजे हवेने थंड करायच्या पट्ट्या, ठेवून, म्हणजे बघणाऱ्याला कळूच नये. आणि २०२३च्या नोव्हेंबरात रॉयल एनफील्डने आपल्या पहिल्या लिक्विड कूल्ड बाइकची, हिमालयन ४५०ची, किंमत जाहीर केली ती आपल्या गोव्यातच. बाइका बदलल्या, सवय तीच राहिली, आणि त्या पोराची बाटली तिथूनच आलीय.

तर आपल्याकडे कूलंटचं काम काय? गंज. आत ॲल्युमिनियम, लोखंड, रबर सगळं एकत्र, आणि पाण्यातले क्षार. किनाऱ्याकडच्या विहिरी तर उन्हाळ्यात मचूळ होतात. कूलंटमध्ये गंजरोधक असतं ते झिजतं, रंग मात्र तसाच हिरवागार दिसतो, म्हणून रंगावर जायचं नाही, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या मुदतीला बदलायचं, बऱ्याच बाइकना साधारण दोन वर्षं. पातळ करायचं तर बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड. रेडिएटरच्या झाकणावर १.१ असं काही लिहिलेलं असतं, ते प्रेशर. त्यामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही, पण चोर्ल्याचा घाट चढून गरम झाकण उघडलं की दाब सुटतो आणि सगळं तोंडावर. मी एकदा उघडलंय, मनगटावर डाग अजून आहे.

बाहेरून डिचोली-साखळीकडची तांबडी धूळ पावसात लापशीसारखी रेडिएटरच्या जाळीत बसते आणि सुकली की वीट. ती साध्या पाइपने धुवायची, प्रेशर वॉशरने नको, पातळ पट्ट्या वाकतात आणि मग हवाच जात नाही. कूलंट फिरवणाऱ्या पंपाखाली एक बारीक भोक असतं, तिथून थेंब यायला लागला तर आतलं सील गेलं, भोक बुजवायचं नाही.

त्या पोराला रविवारी घरी बोलावला, पंपाखालचा ड्रेन बोल्ट सोडला, खाली पातेलं ठेवलं. पहिला कप हिरवा यायला हवा होता, आला तो टपरीवरच्या चहासारखा, आणि तळाला चिमूटभर तांबडा गाळ. "काका, हे माझ्या इंजिनातलं?" म्हणाला आणि ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर आणायला दुकानाकडे पळाला.