मॅटाडोरखालचा पुठ्ठा

नानांच्या मॅटाडोरखाली कायम एक पुठ्ठा अंथरलेला असतो, कूलरच्या खोक्याचा. तो बदलला की चार दिवसांत त्यावर पुन्हा काळा नकाशा उमटतो. गाडी १९८०च्या दशकातली. तिनं पारोळा, धरणगावच्या बाजारात मिरच्या नेल्या, वऱ्हाडं नेली, एकदा बँडवाल्यांसकट नवरदेव नेला. आता ती फक्त वैशाखात निघते, अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी पै-पाहुणे बोरीच्या पात्रापर्यंत आणायला. एरवी ती असते, शेड असते आणि पुठ्ठा.

यंदा नाना वैतागले. फ्लायव्हीलकडचं ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीची, क्रँकभोवतीची, तेल आत ठेवणारी रबरी कडी, दोन वर्षांत तीनदा बदललं होतं. त्यासाठी दर वेळी गीअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. तिन्ही वेळा पहिल्याच फेरीनंतर पुठ्ठ्यावर डाग हजर. "आते काय म्हनस तुनं विज्ञान?" त्यांनी मला विचारलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि हा गुन्हा ते अजून विसरलेले नाहीत.

विज्ञान काही म्हणण्याआधी गावातले एक म्हातारे मिस्तरी म्हणाले. ते गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत. नुसता पुठ्ठा ओढून घेतला, बोटानं डाग चोळला, नाकाशी नेला. "तेल जठे दिखस, तठेन गळत नही," एवढंच बोलले आणि चहा मागवला.

वास घेण्यात मोठा अर्थ आहे. गाडीच्या पोटातून चार-पाच प्रकारचे द्रव गळू शकतात. गीअरच्या नव्वद नंबर ऑइलला गंधकाच्या संयुगांमुळे कुजल्यासारखी घाण येते. गीअरच्या दातांवर प्रचंड दाब पडतो तेव्हा हीच संयुगं धातूवर एक पातळ थर तयार करतात आणि दात वाचवतात. डिझेल बोटाला पातळ लागतं, लवकर उडत नाही, मागे वास ठेवतं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, बाकीची तेलं मिसळत नाहीत. इंजिन ऑइल डिझेल गाडीत काजळीमुळे काळंभोर झालेलं असतं. पुठ्ठ्यावर मुख्यतः हे काळंच होतं, आणि एका कोपऱ्यात एक छोटा तपकिरी ठिपका. त्या ठिपक्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

डाग बघून माणूस घाबरतो, म्हणून आधी हिशोब. एका थेंबात साधारण ०.०३ मिलिलिटर तेल धरू. मिनिटाला एक थेंब पडला तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे ४३ मिलिलिटर. महिनाभर न थांबता गळलं तर सव्वा लिटरच्या वर. डिपस्टिकवरच्या, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवरच्या, दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत साधारण लिटरभराचंच अंतर असतं. म्हणजे एक थेंब किरकोळ नाही आणि एका रात्रीतला बशीएवढा डाग म्हणजे गाडी मेली असंही नाही. पुठ्ठा तेल शोषतो आणि पसरवतो, त्यामुळे डाग नेहमी खऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

दुसरा प्रश्न मिस्तरींनी विचारला: उभी असताना गळतं की चालू असताना? हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत सुचला नव्हता, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे. इंजिन बंद असतं तेव्हा जवळजवळ सगळं तेल खालच्या चेंबरमध्ये जमा होतं आणि त्याची पातळी क्रँकच्या सीलच्या खाली राहते. जिथे तेल पोचतच नाही तिथून ते रात्रभर गळणार कसं? उभ्या गाडीखाली रात्रभर ठिपकत असेल तर चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेनच्या बोल्टाचं तांब्याचं वायसर बघायचं. नानांची गाडी फेरी मारून आली की तासभर ठिपकायची आणि मग थांबायची. म्हणजे तेल चालत्या इंजिनातून बाहेर येऊन कुठेतरी साठत होतं आणि मग सावकाश खाली उतरत होतं.

आता थोडं तेलाच्या स्वभावाबद्दल. डब्यावर '२०डब्ल्यू-४०' लिहिलेलं असतं. त्यातल्या ४०चा अर्थ, १०० अंश सेल्सिअसला तेलाची विष्यंदिता, साध्या शब्दांत घट्टपणा, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान हवी. वीस अंशाला पाण्याची असते १. हेच तेल ४० अंशाला मोजलं तर आकडा शंभराच्या वर जातो. (४० अंश हे प्रयोगशाळेतलं मोजणीचं तापमान, आमच्याकडे ती मे महिन्यातली सावली.) तापलेल्या इंजिनात तेल सात-आठ पट पातळ होतं, आणि त्याच फटीतून तितकंच जास्त निसटतं. फटीचा हिशोब तर याहून कडक आहे. दोन सपाट पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीतून वाहणारा द्रव फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट झाली की गळती आठपट. त्यामुळे केसाएवढ्या फरकानं कोरडी गाडी ओली होते, आणि तेवढ्याच फरकानं ओली गाडी कोरडीही करता येते.

बाहेर आल्यावर तेल सरळ खाली पडत नाही. त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे ते धातूला चिकटून पसरतं, कडेकडेनं चालतं, बोल्टाच्या डोक्याला वळसा घालतं, चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. शेवटी सगळ्यात खालचा ओठ सापडला की तिथे थेंब धरतो. म्हणून मिस्तरी लोक ओल्या भागात सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधतात. पण पंचवीस-तीस वर्षांचा काळ्या मातीचा आणि तेलाचा चिखल थापलेल्या इंजिनावर 'सगळ्यात वरचा ओला बिंदू' शोधायचा कसा? सगळंच ओलं.

धुवायचं. दुसरा मार्ग नाही. आम्ही एक दिवस तासणी, ब्रश, डिझेल आणि चिंध्यांत घालवला. गाडी जॅकवर नव्हे, घोडीवर चढवून. जॅक उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपायचं नाही. जुनं पॅकिंग खरवडताना ते आधी तेलानं भिजवून घेतलं. त्या काळातल्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि त्याची कोरडी धूळ छातीत गेलेली वाईट. नंतर सुकलेल्या इंजिनावर नाकातोंडाला फडकं बांधून टाल्कम पावडर उडवली, इंजिन पंधरा मिनिटं चालवलं, आणि पांढऱ्या इंजिनावर पहिला काळा ओघळ उमटला.

तो सीलपाशी नव्हताच. तो टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, कडेपासून निघाला होता, ब्लॉकच्या बाजूनं उतरत थेट बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गीअरबॉक्स यांमधल्या कवचाच्या, ओठावर. मागच्या मिस्तरींनी तीनदा गीअरबॉक्स उतरवला, त्या दुखण्याचा निदान एक हिस्सा डोक्यावर होता.

टॅपेट कव्हरखाली बुचाचं पॅकिंग असतं. हे बूच पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या सालीचं. आपल्याकडे रात्री पांढरी फुलं सांडतो तो बूच वेगळा. १६६५ साली रॉबर्ट हुकनं सूक्ष्मदर्शकाखाली याच सालीचा काप ठेवला, त्यात रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना 'सेल' म्हटलं. जीवशास्त्रातली पेशी तिथून आली. हवेनं भरलेल्या त्या खोल्यांमुळे बूच दाबलं तरी बाजूला फुगत नाही, जागच्या जागी दबतं आणि परत वर येऊ बघतं. पॅकिंगला नेमकं हेच पाहिजे. पण वर्षानुवर्षं तापून ते सुकतं, आकसतं. गळायला लागलं की आपण काय करतो? बोल्ट आणखी आवळतो. कव्हर असतं पातळ पत्र्याचं. बोल्टापाशी पत्रा खाली वाकतो, दोन बोल्टांच्या मध्ये उचलला जातो, आणि आपण फट स्वतःच्या हातानं मोठी करतो. कव्हर काचेवर पालथं ठेवलं तेव्हा ते डुलत होतं. लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीनं कड सरळ केली, नवं पॅकिंग टाकलं, बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे, आवळले. जिथे ॲल्युमिनियमचं कव्हर लोखंडी ब्लॉकवर बसतं तिथे आणखी एक त्रास: ३० सेंटिमीटर लांबीला ८० अंश चढताना ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळपास ०.३ मिलिमीटर जास्त लांबतं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढं हे सरकणं दर फेरीला पॅकिंगला सोसावं लागतं.

पुन्हा पावडर, पुन्हा फेरी. कव्हर कोरडं. बेल हाऊसिंगमधून मात्र थेंब येतच होते.

मग मी माझं डोकं चालवलं. ऑइल बदललं आणि त्यात जळगावहून आणलेला चमकणारा रंग टाकला. डिझेल इंजिनात नवं तेलही लवकर काळं पडतं, म्हणून पहिल्याच दिवशी तपासायचं होतं. खोट्या नोटा ओळखायची जांभळी टॉर्च अडतीच्या दुकानातून मागून आणली. अंधार पडल्यावर गाडीखाली शिरलो तर हिरवट-पिवळी रेघ लख्ख दिसत होती. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश रंगाचे रेणू शोषतात आणि थोडी ऊर्जा गमावून दिसणाऱ्या रंगात परत फेकतात. या प्रकाराला 'फ्लुओरेसन्स' हे नाव १८५२ साली जॉर्ज स्टोक्सनं दिलं. तेलाच्या घट्टपणाचं ते सेंटिस्टोक्स आहे ना, ते याच माणसाच्या नावाचं. गळणाऱ्या गाडीखाली झोपलेल्याला स्टोक्स दोन्ही बाजूंनी भेटतो, याचा मला त्या चिखलात फार आनंद झाला. नानांना झाला नाही.

रेघ फ्लायव्हीलच्या सीलपासूनच निघत होती. म्हणजे मागचे मिस्तरी अगदीच चुकीचे नव्हते. पण नवंकोरं सील गळतं का?

रबरी सील तेलाला झाकणासारखं अडवत नाही. त्याच्या ओठामागे एक बारीक स्प्रिंग असते आणि ओठाचे दोन उतार मुद्दाम वेगवेगळे असतात, तेलाकडचा उभा, हवेकडचा सपाट. दांडा फिरताना ओठाखाली तेलाचा अत्यंत पातळ थर राहतो आणि या असमान उतारामुळे ओठ तो सतत आत ओढत राहतो. एक छोटा पंपच तो. उलटं बसवलं की हाच पंप तेल बाहेर काढतो. सील जुनं झालं की रबरातले मऊपणा देणारे घटक तेलात उतरतात, उष्णतेनं साखळ्या एकमेकींना जखडतात आणि ओठ नखासारखा कडक होतो. ('गळती बंद' म्हणून मिळणाऱ्या बाटल्या असं रबर थोडं फुगवतात. बुचावर किंवा झिजलेल्या दांड्यावर त्यांचा उपयोग नाही.) दांड्यावरही ओठ वर्षानुवर्षं घासून चर पाडतो, तेव्हा नवं सील एक-दोन मिलिमीटर पुढेमागे बसवायचं असतं. नानांच्या गाडीत चर होता, पण बोटाला जेमतेम जाणवेल एवढा.

मिस्तरींनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर डॉक्टरकडचा रबरी हातमोजा ताणून बसवला. बघता बघता मोजा फुगला आणि पाची बोटं वर करून आशीर्वाद द्यायला लागला.

पिस्टनच्या रिंगांमधून जळलेला वायू थोडाफार खाली निसटतोच, नव्या गाडीतही. गॅरेजच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. तो तुंबला तर वायू दुसरी वाट काढतो, आणि वाटेत तेल घेऊन निघतो. मी सलाइनच्या नळीत पाणी भरून, इंग्रजी यू आकारात वाकवून, डिपस्टिकच्या भोकाला जोडली. हातभर उंचीची नळी. पाणी चढत चढत वरून उडून गेलं. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या चार-पाच टक्के, सायकलच्या ट्यूबपुढे काहीच नाही. पण सील उडालेलं तेल थोपवण्यासाठी असतं, आतली हवा कोंडून धरण्यासाठी नव्हे. त्यात चर पडलेला दांडा. अशा इंजिनात दहा सीलं बदलली असती तरी दहाही गळली असती.

ब्रीदरचा पाइप सोडवला, आत तार घातली. ती दोन इंचांवर अडली. उलटा करून ठोकला तसं मातीचं एक वाळकं, गोल डबडं बाहेर पडलं. "हाऊ दखा चोर!" मिस्तरी म्हणाले. कुंभारमाशीचं घर, आत वाळलेल्या कोळ्यांची शिदोरी तशीच. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचा पाइप तिला बऱ्यापैकी वाटला असणार. १९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकापाशी एक प्रवासी विमान वेग मोजणारी नळी तुंबल्यानं समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माशीवर होता.

पाइप धुऊन बसवल्यावर सलाइनच्या नळीतलं पाणी दोन बोटं हललं आणि तिथेच थांबलं. रिंगा म्हाताऱ्या आहेत, तेवढं चालायचंच. जुनंच सील, तोच दांडा. धरणगावापर्यंत जाऊन आलो, बेल हाऊसिंग कोरडं. ब्रीदरच्या तोंडाशी आता पितळेची बारीक जाळी आहे. जुनं ऑइल डब्यात भरून ठेवलंय, नाल्यात ओतलेलं नाही.

नवा पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर एकच तपकिरी ठिपका होता, त्याच जुन्या कोपऱ्यात. मी बोट लावून वास घेतला. नव्वद नंबर. मिस्तरी परत पाने काढायला लागले तशी नानांनी त्यांची पेटी बंद केली. "ऱ्हाऊ दे, भो. यात्रा व्हई जाऊ दे पहिले."