बडोद्याचा गळा आणि ‘संगीत सौभद्र’

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’, म्हणजे अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाचं संगीत नाटक, बसवायला घेतलं की पहिली कात्री पदांवर, म्हणजे नाटकातल्या गाण्यांवर चालते, आणि बहुतेक वेळा ती चुकीच्या जागी चालते. पदं शंभराहून अधिक आहेत, तीन तासांत ती मावत नाहीत हे खरंच. पण ती आली कशी, हे आधी पाहावं.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात पूर्णानंद थिएटरात अण्णासाहेबांनी पहिले तीनच अंक केले. पाचही अंकांचा प्रयोग मार्च १८८३ मध्ये झाला. सुभद्रा झाले होते भाऊराव कोल्हटकर. जन्म बडोद्याचा, नोकरी तिथल्याच पोलीस कचेरीत कारकुनाची. त्यांचा उंच, तेजस्वी गळा ऐकून अण्णासाहेबांनी त्यांना कंपनीत आणलं आणि ‘भावड्या’ या लाडक्या नावानं ते घराघरांत पोहोचले. १९०१ साली, चाळिशीही गाठण्याआधी ते गेले. बडोद्यानं मराठी रंगभूमीला दिलेलं हे पहिलं मोठं देणं. सयाजीराव महाराजांनी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला दिलेला आश्रय त्यानंतरचा.

अण्णासाहेबांच्या चाली साक्या, दिंड्या (कथा पुढे नेणारी साध्या चालीची जुनी पद्यं), कीर्तन, लावणी, कानडी गाणी अशा कानात आधीच बसलेल्या होत्या. पदं छोटी, कारण ती संवादच आहेत. सुभद्रा दुर्योधनाला देणार ही बातमी नारद अर्जुनाला सांगतो, कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत घालतो, तिथे गद्य थांबून गाणं सुरू होत नाही. बोलणंच सुरात जातं.

बालगंधर्वांच्या काळात ऑर्गन आला, थिरकवाखाँचा तबला आला, तेच पद रागासारखं फुलू लागलं. ते वैभव अपूर्वच होतं. पण त्याच्या मोहात आज मैफलीची पदं ठेवून साक्या-दिंड्या गाळल्या जातात. मग कथेचे दुवे तुटतात, आणि ते सांधायला नवं गद्य लिहावं लागतं. त्यापेक्षा निवेदनाची साकी ठेवावी, मोठ्या पदाचा एखादा अंतरा कमी करावा, ‘वन्स मोअर’ला आधीच मर्यादा घालावी.

दुसरी अडचण स्वराची. सुभद्रा पुरुष गात असे तेव्हा अर्जुनाशी पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ स्वर, जुळवणं सोपं होतं. आता अर्जुन काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) आणि सुभद्रा काळी चार किंवा पाचमध्ये गाते. एकापाठोपाठ दोघांची पदं आली की तबलजीला दुसऱ्या पट्टीचा तबला लावून जवळ ठेवावा लागतो आणि ऑर्गनवाल्यानं आधीच्या संवादाच्या शेवटच्या वाक्याखालीच नवा षड्ज, म्हणजे ‘सा’, धरावा लागतो. तो स्वर उशिरा आला तर नटी पहिला शब्द चाचपडत उचलते.