कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही

मागच्या जुलैत मेहुण्याने मुंबईत हिंदमाताला साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, ब्रेक ऑइलचा दाब मोजणाऱ्या ब्रेक प्रेशर सेन्सरचा कोड दिसला, लगेच म्हणाला सेन्सर गेला, बदलायला लागेल. इथेच लोकांचे पैसे जातात. कोड एवढंच सांगतो की त्या सर्किटमधून आलेला सिग्नल कंट्रोल युनिटला, म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरला, पटला नाही, बिघाड सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये की कनेक्टरमध्ये ते आपण शोधायचं.

सेन्सरच्या आत एक बारीक पडदा असतो, ब्रेक ऑइलच्या दाबाने तो किंचित वाकतो आणि त्याप्रमाणे व्होल्टेज बदलतं. बऱ्याच गाड्यांत सप्लाय 5 व्होल्टचा असतो, पेडल मोकळं असताना सिग्नल साधारण 0.5 आणि पूर्ण दाबाला 4.5 च्या आसपास. शून्यापासून का सुरू नाही करत? कारण वायर तुटली तरी शून्य येऊ शकतं, मग ब्रेक दाबलेला नाही की वायर तुटली हे युनिटला कळणार कसं! 0.5 च्या बरंच खाली गेलं की त्याला कळतं की हा दाब नाही, बिघाड आहे. मला ही युक्ती फार आवडते.

स्कॅनर मात्र एबीएस वाचणारा हवा, स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल बहुतेक इंजिनचेच कोड दाखवतात. कोड वाचून थांबायचं नाही, लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडायचा. गाडी उभी, पेडल मोकळं, दाबाचा आकडा 0 बारच्या (बार हे दाबाचं एकक) जवळ पाहिजे, मग पेडल हळूहळू दाबत गेलं की आकडा न अडखळता चढला पाहिजे आणि ब्रेक लाइटचा स्विचही त्याच वेळी ऑन दिसला पाहिजे. पेडल मोकळं असून दाब दिसत असेल तर ब्रेक खरंच अडकलाय का ते आधी बघा. आणि दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत असेल तर तो सेन्सरचा विषयच नाही, गाडी चालवू नका.

मेहुण्याच्या गाडीत कनेक्टरची वायर हलवली की आकडा एकदम उडायचा. कनेक्टर काढला तर एक पिन हिरवी पडलेली, आत ओल. साफ करून, सुकवून परत लावला, कोड पुसला, अंधेरी ते दहिसर हायवेने चक्कर मारून पुन्हा स्कॅन केलं, कोड आला नाही.