आधी हेड मोजा, मग टेबल शोधा
जुन्या शिलाई मशीनसाठी स्वस्तात टेबल: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आजीचे सिंगर किंवा आईचे उषा माळ्यावरून खाली येते, तेल घातल्यावर चालतेही. अडते ते टेबलापाशी. स्टँड कधीच भंगारात गेलेला असतो, नाहीतर फळी फुगलेली असते. अशा वेळी बरेच जण आधी टेबल विकत घेतात आणि मग त्यात हेड (स्टँड-फळी सोडून मशीनचा वरचा भाग) बसत नाही म्हणून आमच्याकडे येतात. क्रम उलटा ठेवा, पैसे वाचतील.

माप

ही मशीने इंचाच्या हिशोबातली, म्हणून टेपही इंचाचाच घ्या. घरगुती मोठ्या हेडचा पाट (खालची सपाट बैठक) साधारण साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद असतो. सिंगर १५, ६६, २०१ ही सगळी मॉडेले याच मापाची. काळे उषाही १५ च्याच घाटाचे. सिंगर २८, १२८ आणि ९९ मात्र लहान, सुमारे सव्वाबारा बाय साडेसहा. लहान हेड टेबलाच्या फळीतल्या मोठ्या खाचेत ठेवले तर चारी बाजूंनी फट राहते, शिवाय बिजागऱ्यांमधले अंतरही जुळत नाही. ते हेड मोठ्या टेबलात बसवायच्या भानगडीत पडू नका.

पाटाखाली तपकिरी कागद धरून पेन्सिलीने कड गिरवा. कोपऱ्यांची गोलाई आणि मागची बिजागरीची दोन भोके यांच्याही खुणा करा. हा कागदच मेस्त्रीच्या हातात द्या. मेस्त्री कन्नड बोलणारा असो की मराठी, कागदामुळे घोळ होत नाही. खाच प्रत्येक बाजूला अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) मोठी ठेवायची. त्याहून घट्ट ठेवली तर बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात लाकूड फुगते आणि हेड अडकून बसते. सैल ठेवली तर टिपेबरोबर हेड हलते.

जुना पायाचा स्टँड मिळाला तर

सर्वांत स्वस्त मार्ग हाच. भंगारवाल्याकडे फळी नसलेला स्टँड वजनावर मिळू शकतो. घेताना पट्टा काढून मोठे चाक हाताने फिरवा: सोडल्यावर ते दोनचार फेरे मोकळे फिरले पाहिजे. पायडल हलवताना टकटक आवाज आला तर दांडीचा सांधा झिजला आहे; तो बहुधा आवळून किंवा बदलून सुधारतो.

पायाला तडा असेल तर नीट विचार करा. स्टँड बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो. बिडाला साध्या वेल्डिंग रॉडने जोड दिला की जोडाशेजारीच नवा तडा जातो, कारण बीड ठिसूळ असते आणि भराभर थंड होताना तडकते. निकेल रॉड वापरून किंवा पितळेने, आधी सावकाश तापवून जोड घ्यावा लागतो. बेळगावात उद्यमबागेत बिडाचे काम जाणणारे आहेत. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडून हे करून घेऊ नका.

नवी फळी टाकताना सगळ्यात जास्त चूक होते ती खाचेच्या जागेत. हेडच्या चाकाची खोबण आणि खालच्या मोठ्या चाकाची खोबण एका रेषेत हवी. खाच कापण्याआधी हेड दोन ठोकळ्यांवर फळीच्या उंचीला धरा, वरच्या खोबणीतून नट बांधलेला दोरा खाली सोडा आणि तो खालच्या खोबणीत येतो का ते पाहा. अर्धा इंच चुकले तरी पट्टा उतरतो. पट्ट्यासाठी फळीला अर्ध्या इंचाची दोन भोके पुरतात. आठवड्याभरात भोकाच्या कडेला काळी भुकटी दिसली तर पट्टा लाकडाला घासतो आहे, भोक कानशीने त्या बाजूला वाढवा. चामडी पट्टा ३/१६ इंच जाडीचा घ्या आणि सुरुवातीला थोडा ताठ कापा, वापरात तो ताणतो. फार ताठ ठेवला तर मात्र पाय दुखतात.

नवे टेबल, मोटारीच्या मशीनसाठी

६ सुती (१९ मिमी) प्लायचा ४ बाय ४ फुटी अर्धा शीट पुरतो:

वरची फळी ३६ × १८ इंच, १ नग
बाजू २८¼ × १५½ इंच, २ नग
मागचे आडवे २९½ × ७½ इंच, २ नग
उरलेला तुकडा ठोकळ्यांसाठी

उंची २९ इंच येते. खाच डावीकडून १२ इंच आणि पुढच्या कडेपासून ४ इंच सोडून कापा. खाच कापल्यावर पुढे उरते ती जेमतेम चार इंचांची पट्टी. हेड तर सुमारे १३ किलोचे, ती पट्टी वाकणारच. म्हणून तिच्याखाली २ बाय १ इंचाची सागवानी पट्टी स्क्रूने मारा. जुने घर मोडताना निघालेल्या चौकटीचा तुकडा यासाठी उत्तम, तो वाळलेला असतो. कापण्याआधी त्यावर लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला खिळा असेल तर करवत जाते.

दोन्ही बाजू फळीच्या मागच्या कडेला भिडवून लावा. पुढे अडीच इंच मोकळे राहतात ते गुडघ्यांसाठी. हेड मागे कलते तेव्हा वजन मागे जाते, म्हणूनही बाजू मागेच हव्यात. प्लायच्या काठात मारलेला स्क्रू कंपनाने सैल होतो. आतून सागवानी ठोकळा देऊन त्यात मारा.

हेड प्लायवर टेकत नाही. मागे दोन बिजागऱ्या आणि पुढच्या कोपऱ्यांत दोन ठोकळे, त्यावर नमद्याचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा. ठोकळा किती खाली लावायचा ते पाटाच्या कडेची जाडी मोजून ठरवा. खालच्या दांड्यांना तो लागत नाही ना, हे चाक पूर्ण एक फेरा फिरवून पाहा. बिजागरीचा खिळा पाटातल्या भोकात जातो आणि खालचा छोटा स्क्रू त्याला धरतो. तो स्क्रू आवळायचा राहिला तर हेड कलवताना सुटून थेट पायावर येते.

हाताने फिरवायचे मशीन याच टेबलात बसवणार असाल तर आधी दांडा पूर्ण फिरवा. बोटे फळीला घासत असतील तर उजवीकडे खोलगट कापावे लागेल.

पॉलिश आणि तेल

खाचेच्या कापलेल्या कडांना दोन हात वार्निश द्या, नाहीतर तेल प्लायमध्ये मुरते आणि थर सुटतात. लाखेचे पॉलिश करायचे असेल तर हेड उतरवून दूर ठेवा. काळ्या हेडवरचा चकचकीत थरही लाखेचाच, पॉलिशमधले स्पिरिट लागले की तो जातो. तेल मशीनचेच. खोबरेल चिकट होऊन बसते आणि मग मशीन जड चालते, टेबलाचा त्यात दोष नसतो.

दुकानात येताना गिरवलेला कागद, जुन्या बिजागऱ्या असल्यास त्या, आणि हेडच्या खालच्या बाजूचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन या. हेड उचलून आणायची गरज नाही.