क्लासिक मोटारीचे चोरीपासून संरक्षण

जुनी, संग्राह्य मोटार चोरीला जाऊ नये आणि गेलीच तर तिची ओळख पटून ती परत मिळावी, यासाठी मालकाने करावयाच्या तजविजीचा विचार या नोंदीत केला आहे. नव्या मोटारीत किल्लीतील चिप जुळल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. युरोपीय संघाने असा इमोबिलायझर नव्या गाड्यांना १९९८ पासून सक्तीचा केला. स्टिअरिंगचे कुलूपही अमेरिकी गाड्यांत १९७० च्या सुमारास सरसकट आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत यांपैकी काहीच नसते. इतकेच नव्हे, काही गाड्यांच्या कुलपाच्या दर्शनी भागावरच किल्लीचा क्रमांक कोरलेला असे, म्हणजे तो वाचून कोणालाही दुसरी किल्ली करून घेता येई. त्यामुळे जुन्या गाडीचे मूळ कुलूप हे कुलूप म्हणून न धरणेच शहाणपणाचे ठरते. कापडी छताच्या गाडीत तर दार लावण्याचाही फारसा उपयोग नसतो. चोर सुरीने छत फाडतो, आणि गाडी नेली नाही तरी नवे छत शिवून घेण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. म्हणून कित्येक जण अशी गाडी उभी करताना आत काही न ठेवता दार मुद्दाम उघडेच ठेवतात.

अशा गाडीची वायरिंग अगदी साधी असते, आणि चोराला तेच सोयीचे पडते. बॅटरीपासून एक वायर थेट इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागाला) जोडली आणि स्टार्टरच्या सोलेनॉइडची (स्टार्टर मोटरला वीज देणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) दोन टोके एकमेकांना भिडवली की किल्लीवाचून इंजिन चालू होते. मात्र याच साधेपणामुळे मालकालाही छुपा स्विच स्वस्तात आणि कोणत्याही इलेक्ट्रॉनिक उपकरणावाचून बसवता येतो. तो कोठे बसवावा, याला महत्त्व आहे. कॉइलला येणारा वीजपुरवठा तोडणारा स्विच चोराच्या थेट वायरीपुढे निष्प्रभ ठरतो. त्याऐवजी कॉइलची कॉन्टॅक्ट पॉइंटकडे (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांकडे) जाणारी बाजू स्विचमधून थेट गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडली (अर्थिंग केले), तर वायर कशीही जोडली तरी ठिणगी पडत नाही. स्टार्टर फिरत राहतो आणि गाडी नादुरुस्त असल्यासारखी वाटते. या स्थितीत इग्निशन चालू राहिले तर कॉइल तापते, एवढे मालकाने लक्षात ठेवावे. डॅशबोर्डला नवे भोक पाडण्यापेक्षा आधीपासून असलेले, वापरात नसलेले एखादे बटण या कामी आणणे चांगले, कारण अशा गाडीची किंमत तिच्या मूळ रूपात असते आणि बसवलेली प्रत्येक गोष्ट उद्या खूण न राहता काढता आली पाहिजे.

सर्वांत जुना आणि बिनखर्ची उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागातला) फिरता रोटर काढून खिशात घालणे. दोन स्प्रिंगच्या क्लिपा सोडवून वरची टोपी उचलली की अंगठ्याएवढा बेकलाइटचा तुकडा दिसतो; तो सरळ वर ओढला की निघतो आणि टोपी परत बसवली की बाहेरून काहीच कळत नाही. १९४० मध्ये शत्रूच्या आक्रमणाची धास्ती असताना ब्रिटनमध्ये उभ्या केलेल्या मोटारी निकामी करून ठेवण्याचा आदेश निघाला होता, तेव्हा हीच रीत सर्रास वापरली गेली. सर्वत्र आढळणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत मात्र तयारीचा चोर दुसरा रोटर बरोबर आणू शकतो. पेट्रोलचा कॉक बंद करण्याचा उपायही सुचवला जातो, पण कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या छोट्या कप्प्यात, उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडे अंतर जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. तिथे ती कोणी ठोकली, तर चोरी टळल्याचे समाधान फारसे टिकत नाही.

इंजिन सुरू न होऊ देणारे हे सारे उपाय गाडी टोचन करून किंवा ट्रकमध्ये चढवून नेणाऱ्यापुढे लटके पडतात, आणि मौल्यवान गाड्यांच्या बाबतीत हा धोका मोठा असतो. यावर गॅरेजच्या फरशीत काँक्रीटने पक्क्या केलेल्या कडीला गाडी जाड साखळीने बांधतात. साखळी चासीच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) आडव्या तुळईला किंवा ॲक्सलला घालावी. तारांच्या चाकात घातली तर आरे कापून ती मोकळी करता येते. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी स्टँडवर चढवून चाके काढून ठेवल्यास टायर एका जागी चपटे होत नाहीत आणि चोराचे कामही दुप्पट होते. स्टिअरिंगवर अडकवायचा दांडा दिसतो म्हणून उपयोगी; जुन्या स्टिअरिंगची कडी करवतीने सहज कापली जाते, तेव्हा त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये.

जीपीएस ट्रॅकर बसवताना दोन गोष्टी तपासाव्यात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. आधुनिक उपकरण तसेच जोडले तर जळून जाण्याची शक्यता असते. दुसरे म्हणजे वीज. सतत २० मिलिअँपिअर ओढणारा ट्रॅकर ४० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ६ आठवड्यांत निम्मी करतो, म्हणून स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर किंवा गॅरेजमध्ये कायम जोडलेला चार्जर लागतो. पत्र्याच्या बंद शेडमध्ये ट्रॅकरला उपग्रहांचे संकेत नीट मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

गाडी गेल्यावर उपयोगी पडते ती तिची ओळख. १७ अक्षरांकांचा एकसारखा वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी होती आणि क्रमांक पुष्कळदा रिव्हेटने ठोकलेल्या, सहज बदलता येणाऱ्या पट्टीवर असे. म्हणून चासी, इंजिन, गिअरबॉक्स व बॉडी यांचे क्रमांक आणि फक्त मालकालाच ठाऊक असलेल्या खुणा, जसे की जुन्या वेल्डिंगचा सांधा किंवा पत्र्याचे ठिगळ, यांची छायाचित्रे काढून ती गाडीपासून दूर ठेवावीत. १९३८ ची एक टाल्बो-लागो टी१५०सी एसएस ही गाडी २००१ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथून सुट्या भागांच्या अवस्थेत कागदपत्रांसह चोरीला गेली. २०१६ मध्ये नव्या खरेदीदाराने तिची नोंदणी करायला घेतली, तेव्हा चोरीच्या नोंदीतील क्रमांक जुळला आणि मालकीचा वाद २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.