बाजाराची पावती म्हणजे लायसन नव्हे

विदर्भातल्या आठवडी बाजारात भज्याचा, जिलेबीचा किंवा आलुबोंड्याचा ठेला लावणाऱ्याला ‘लायसन आहे का?’ असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा पेटीच्या झाकणाखालून बैठकीची पावती काढतो. ग्रामपंचायतीची, नाहीतर बाजाराचा लिलाव घेतलेल्या ठेकेदाराची. ही पावती जागेच्या पैशाची आहे, खायचे पदार्थ विकण्याशी तिचा संबंध नाही, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पण त्याला अडाणी ठरवण्याची घाई करू नये. दोन वेगळे कारभार, एक जागेचा आणि एक अन्नाचा, त्याच्या एकाच ठेल्यावर येऊन ठेपले आहेत, आणि त्यांतला एकच त्याला दर आठवड्याला भेटतो.

इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत भेसळीचा गुन्हा होता (कलम २७२ आणि २७३), पण विक्रेत्याने आधी परवाना घ्यावा असं त्यात काही नव्हतं. पुढे प्रांतोप्रांती भेसळीचे वेगवेगळे कायदे झाले. ते सगळे बाजूला सारून देशभर एकच अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा आला. तो मंजूर झाला १९५४ मध्ये आणि लागू झाला १ जून १९५५ पासून. तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी. दीड वर्षातच विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कायदा तोच राहिला, पण तो राबवणारं सरकार पाच वर्षांत दोनदा बदललं.

त्या कायद्याची जात मुळात फौजदारी. फूड इन्स्पेक्टर यायचा, पंचांसमोर नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करून सील लावायचा, आणि नमुना खोटा निघाला तर खटला. शहरात नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक दुकानदाराच्या ओळखीचा तरी असे. खेड्यात फूड इन्स्पेक्टर म्हणजे दिवाळीच्या आधी तालुक्याच्या गावी येऊन जाणारा कोणीतरी साहेब. उलट १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने बाजार फी वसूल करण्याचा अधिकार पंचायतीला दिला होता. त्यामुळे विक्रेत्याला ‘सरकार’ दिसलं ते पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या माणसात.

भेसळीचा कायदा पूर्व विदर्भाच्या घरात शिरला तो मात्र लाखोळीच्या, म्हणजे लाखाच्या डाळीच्या, निमित्ताने. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोळीचं बी फेकतात. पाणी नको, खत नको. उरलेल्या ओलीवर ती येते. डाळ खायची, भरडून बेसन करायचं, भाजी करायची, कुटार गुरांना. पण तिच्यात ओडॅप नावाचा विषारी घटक असतो, आणि दुष्काळात महिनोन्महिने दुसरं काहीच न खाता तीच खाल्ली तर पाय कायमचे जातात. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात असे रुग्ण फार होते. त्यावरून १९६१ मध्ये भेसळ नियमांत ४४-अ हे कलम आलं. राज्य सरकार अधिसूचनेने जी तारीख ठरवेल, तिच्यापासून त्या राज्यात लाखोळी विकायला बंदी. महाराष्ट्रानेही बंदी घातली.

म्हणजे बांधीत पेरलेलं, घरच्या चुलीवर शिजणारं धान्य बाजारात नेलं की गुन्हा. लाखोळीचं पीठ चणाडाळीच्या बेसनात मिसळून विकणारे व्यापारी होते, हे खरं, आणि त्यांना धरायलाच हवं होतं. पण झळ बसली ती पायलीभर डाळ विकून तेल-मीठ घेणाऱ्या बाईलाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढले, उपोषणाला बसले. मधल्या काळात शेतीशास्त्रज्ञांनी ‘रतन’सारखे कमी ओडॅपचे वाण काढले, आणि २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीनेही अशा वाणांच्या बाजूने मत दिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण हेच आहे. नियमाचं कारण खोटं नव्हतं. तो लिहिताना डाळ खाणारी माणसं मात्र कोणी विचारात घेतली नव्हती.

तेलाची गोष्ट थोडक्यात. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळा धोतरा मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने माणसं दगावली आणि त्याच वर्षी सुटं खाद्यतेल विकण्यावर देशभर निर्बंध आले. घाणीवरून बाटलीत जवसाचं तेल घेऊन येणारी गावं त्या एका आदेशाने नियमाबाहेर गेली. किराण्यातला तेलाचा डबा आणि मापटं मात्र त्यानंतरही बरीच वर्षं जागचं हललं नाही.

सध्याचा अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, पण अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याने जुना भेसळ कायदा आणि फळं, दूध, मांस, तेल यांचे सुटे आदेश गुंडाळून एकाच छताखाली आणले. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतमालापुरतं वगळलं. नमुन्याचे आता चार भाग होतात आणि अहवाल चौदा दिवसांत द्यायचा असतो. २०११ च्या नियमांनी वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असणाऱ्याला लायसन नव्हे, फक्त नोंदणी ठेवली. तेव्हा फी होती वर्षाला १०० रुपये. ठेलेवाला, डोक्यावर टोपली घेऊन फिरणारी, पापड-कुरड्या करणारा बचत गट, सगळे यात आले. जुन्या परवान्यांच्या बदलीला एका वर्षाची मुदत होती. ती वाढत वाढत ४ मे २०१६ पर्यंत गेली.

याच नियमांत एक ओळ अशी आहे की नोंदणी करणारा अधिकारी पंचायतीतलाही असू शकतो, राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्ताने तसं अधिसूचित केलं तर. गावाच्या दृष्टीने ही सोय मोठी होती. प्रत्यक्षात काम अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे राहिलं आणि पुढे ऑनलाइन गेलं. सिरोंच्याहून जिल्ह्याचं गाव गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. म्हणून सिरोंच्याच्या हॉटेलवाल्याचा अर्ज भरतो सेवा केंद्रातला पोरगा, आणि १४ आकड्यांचा नंबर आला की प्रमाणपत्राला लॅमिनेशन करून देवाच्या फोटोशेजारी टांगलं जातं. त्यामागच्या अटी वाचायचं काम तिथेच संपतं.

खर्ऱ्याचं, म्हणजे पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या सुपारी-तंबाखूचं, प्रकरण याच कायद्यातून आलं. खाद्यपदार्थात तंबाखू नको, असं २०११ चे नियम सांगतात. त्याआधी २००२ मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली होती, पण ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही. २०१२ मध्ये नव्या कायद्याखाली पुन्हा बंदी आली. तिची मुदत वर्षाची असल्याने आदेश दर वर्षी नव्याने काढावा लागतो. पाकिटातला गुटखा पकडता येतो. खर्रा मात्र पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जातो, त्याला ना कारखाना, ना लेबल, ना बॅच नंबर.

नोंदणीसोबत येणाऱ्या अटी, म्हणजे परिशिष्ट ४, तशा साध्या आहेत: झाकलेलं अन्न, स्वच्छ हात, कचऱ्याची सोय, पिण्यायोग्य पाणी. पहिल्या तीन ठेलेवाल्याच्या हातात आहेत. चौथी नाही. बाजाराच्या दिवशी तो पाण्याचा गुंड भरतो तो पंचायतीच्या नळावर किंवा हापशीवर, आणि नळाच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की नाही, हे ती टाकणाऱ्या गावच्या जलसुरक्षकाला ठाऊक. म्हणजे प्रमाणपत्र जिल्ह्याचं, पाणी मात्र त्याच ग्रामपंचायतीचं, जी सकाळी बैठकीची पावती फाडून गेलेली असते.